सोमवारचं खारं पाणी

आमच्या विहिरीची एक वही होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, मोटरच्या खोपीत खिळ्याला दोऱ्याने टांगलेली. ती मी सुरू केली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि जी गोष्ट दोनदा विचारावी लागते ती लिहून ठेवावी असा माझा स्वभाव आहे. घरात किराणाची यादी, कपाटावर कपाटातल्या वस्तूंची यादी, नाताळच्या फराळाची यादी मागच्या वर्षीच्या चुकांसकट. नवरा म्हणायचा, "उद्या मी मेलो तर हिच्याकडे रडणाऱ्यांचीसुद्धा यादी असेल." असती. कोणाला कळवायचं हे आयत्या वेळी कोणाला आठवतं?

विहिरीच्या वहीचा नियम सोपा होता. सकाळी मोटर सुरू झाली की पहिल्या धारेचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचं आणि तारखेसमोर तीनपैकी एक शब्द लिहायचा: गोड, मचूळ किंवा खारट. गोड असलं तर पाट पानवेलींकडे वळवायचा. मचूळ असलं तर केळींकडे. खारट असलं तर फक्त नारळांकडे, कारण नारळ खारं सोसतो आणि पानवेल आठवड्यात माना टाकते. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले आमचे वेल सासऱ्यांच्या वडिलांच्या हातचे होते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बाकी सगळं यायचं: वीज गेली, पट्टा तुटला, पाहुणे आले. पाहुण्यांची नोंद एवढ्यासाठी की खारट दिवशी चहाचं पाणी शाळेच्या विहिरीवरून आणावं लागे, आणि ते किती वेळा लागतं याचा मला हिशेब हवा होता.

ही वही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. त्याच्या दहाएक वर्षं आधीपर्यंत आमच्या गावात विहिरींवर रहाट होते. रेडा फिरायचा, पोहरे रिकामे व्हायचे, रेडा थकला की विहीर भरायची. मग एकेक करून सगळ्यांनी मोटरी बसवल्या. मोटर थकत नाही. समुद्र आमच्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, मधे राजोडीची वाळू आणि सगळ्या वाड्या. पहिली काही वर्षं कोणाला काही जाणवलं नाही. मग उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागलं, आणि मग उन्हाळ्याची वाट न पाहताही.

विहीर दोन घरांची होती. इकडे आम्ही, म्हणजे सासरे, मी, नवरा आणि मुलं. मेंदीच्या कुंपणापलीकडे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, काकी आणि त्यांची मुलगी. काका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं वाडीत लक्ष नव्हतं हे खरं, आणि त्यांनी रस्त्याकडची आपली पट्टी विकायला काढली होती हेही खरं. ती बघायला मुंबईहून एक गृहस्थ यायचे. राखाडी सफारी, हातात चामड्याची बॅग. गावात त्यांना सगळे सफारीवाले म्हणायचे. काका घरी सापडायचे ते रविवारीच, म्हणून ते रविवारी यायचे.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पुरुष देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आवारात उभे राहून बोलायचे. बायका थोड्या अंतरावर उभ्या राहून ऐकायच्या. त्या वर्षी माघ-फाल्गुनात बोलणं एकच होतं.

"माझ्या आजाच्या वेळी झालं नाही ते आत्ताच कसं झालं?"

"होत नाही. करवलं जातं."

"गोड्या पाण्याची वाडी कोण विकेल? आधी पाणी मारायचं. मग माणूस आपणहून सही करतो."

"पण विहिरीत मीठ टाकायला आतला माणूस लागतो."

"आतला माणूस नाही कुठे?"

हे शेवटचं बोलणारा सासऱ्यांकडे बघत नव्हता, हेच वाईट होतं.

ही गोष्ट पूर्ण खोटी असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिच्यात खरं पुष्कळ होतं. जमिनी घेणारे फिरत होतेच. न विचारता वाडीत शिरून फीत धरून मापं घ्यायचे. एकाला सांगायचे की शेजाऱ्याने दिली, शेजाऱ्याला सांगायचे की याने दिली. चंदनसारकडे अशाच तऱ्हेने जमिनी गेल्याच्या गोष्टी ऐकू येत. एवढं सगळं खरं असल्यावर त्यात एक गोणी मीठ घालायला कितीसा वेळ लागतो!

आणि गोणी होती. काकांच्या पडवीत मिठाच्या दोन गोण्या कोणीतरी पाहिल्या. बघता बघता गावभर झालं. आता आमच्याकडे नारळाच्या आळ्यात दर वर्षी मीठ घालतात. प्रत्येक वाडीवाल्याकडे त्या दिवसांत मिठाची गोणी असतेच. सासऱ्यांकडे तीन होत्या. मी त्यांना हे सांगितलं.

"माझ्या गोण्या नारळासाठी आहेत," ते म्हणाले.

"काकांकडेही नारळच आहेत बाबा."

"त्याला नारळाची कधीपासून काळजी?"

सासरे वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगायला हवं. त्यांनी भावाला खांद्यावर बसवून यात्रेला नेलं होतं, त्याच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडली होती. म्हणूनच बहुधा त्यांना झोंबलं. ते वेल रोज बघत होते. पानं पिवळी पडत होती, कडा जळत होत्या. हाताने वाढवलेली वस्तू अशी जाते तेव्हा माणसाला कोणीतरी लागतं.

एका दुपारी मी शाळेतून आले तर सासरे ओट्यावर विहिरीची वही घेऊन बसले होते. मुलांच्या वह्या तपासायची माझी लाल पेन्सिल त्यांच्या हातात होती.

"ये," ते म्हणाले. "बघ. तूच लिहिलंयस."

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यातल्या 'सफारीवाले काकांकडे' या नोंदींखाली रेघ ओढली होती. आठ रविवार. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या 'खारट'भोवती गोल केला होता. सात सोमवार. आठव्या सोमवारी 'मचूळ' होतं.

"आठात सात," ते म्हणाले. "शाळेत किती मार्क होतात हे?"

मला आठवतं, त्या क्षणी मलाही पटलं. फार वेळ नाही, पण पटलं. माझंच अक्षर, माझ्याच तारखा, नीट आखलेले रकाने. त्या संध्याकाळी कपडे काढायच्या निमित्ताने मी कुंपणाशी गेले आणि काकांच्या पडवीतल्या गोण्या मोजल्या. दोनच होत्या, तोंडं शिवलेली. काकी आतून म्हणाली, "काय गं, काही हवंय?" मी म्हटलं, "नाही, टॉवेल उडाला होता." टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

पुढच्या रविवारी सासरे वही घेऊन मिस्सेला गेले. आवारात ती हातोहात फिरली. "सुनेनं लिहिलंय. मास्तरीण आहे. ती काय खोटं लिहील?" त्या दिवसापासून कोणाला शंका राहिली नाही. आधी ती एक कुजबुज होती, माझ्या वहीने तिचा पुरावा केला. सासऱ्यांनी विहिरीला लोखंडी जाळी बसवून घेतली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली घरातल्या वेदीखाली खिळ्याला अडकवली. काकांकडे पाणी द्यायची तोटी चालू होती. पाणी तोडण्याइतके ते निष्ठुर नव्हते. पण भावाशी बोलणं बंद केलं. काकांनी एकदा कुंपणाशी येऊन विचारलं, "दादा, तुला खरंच असं वाटतं?" सासरे केळीचा घड बघत राहिले. काकाही मानी. परत आले नाहीत.

मी कामाला लागले. चूक माझ्या वहीतून निघाली होती, ती मीच निस्तरायला हवी असं मला वाटलं. दर वर्षी आमच्याकडे मीठ घालणारा मिठागरावरचा माणूस आला तेव्हा मी त्याला विहिरीशी नेऊन विचारलं, यात मीठ टाकून पाणी खारं करायचं तर किती लागेल?

तो आधी हसला. "बाय, गोनीभर टाकलं तर घटकाभर खारट लागंल. मोटर चालली का ग्येलं. रोज खारट ठेवाचं तर रोज गाडीभर मीठ लागंल. येवढा माझ्या आगरात नाय पिकत."

"मग खारं कशाने होतं?"

"खालून. वरती गोडा पानी, त्याच्याखाली दर्याचा. हळूहळू उपसला तं वरचा भरतो. धडाधड उपसला तं खालचा वर येतो. आमी आगरात काय करतो? दर्याला वाट देतो. तुमी मोटरीनं दिली." मग जाताना म्हणाला, "आता वाफे पाडा नि मीठ काढा. माझा धंदा बसवा."

घरी येऊन मी वही उघडली आणि जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. सफारीवाले रविवारी यायचे. पण रविवारी आणखी एक गोष्ट व्हायची. गावातले नोकरीवाले सगळे घरी असायचे, माझा नवरासुद्धा. तो सातिवलीला एका कारखान्यात होता. कारखाने बंद, त्यामुळे व्होल्टेज चांगलं. मिस्सेहून आलं की घरोघर मोटर सुरू व्हायची आणि आठवड्याचं शिंपणं एका दिवसात उरकायचं. संध्याकाळपर्यंत गावात मोटरींचा घूंऽऽ आवाज थांबायचा नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या विहिरी खारट. आमच्या एकट्याची नव्हे. फक्त वही आमच्या एकट्याकडे होती.

मी सासऱ्यांना हे एका बैठकीत, क्रमाने, पुराव्यासह सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्या विहिरीत मीठ मी घातलं?"

"तसं नाही बाबा."

"तसंच. तू म्हणतेस, माझे वेल मी मारले."

मी पान उलटलं.

मिठागरवाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "तो मीठ विकतो. तो दुसरं काय सांगणार?" मधे सफारीवाले सलग दोन रविवार आले नाहीत आणि तरी सोमवारी पाणी खारट आलं. मी वही पुढे केली. "बरोबर," ते म्हणाले, "आता त्याला स्वतः यायचीही गरज उरली नाही." शेवटी मी म्हटलं, एक रविवार आपली मोटर बंद ठेवून बघू. ते तयार झाले, हे त्यांचं मोठेपण. पूर्ण रविवार आमची मोटर बंद होती. शेजारच्या अकरा विहिरींवरच्या चालू होत्या. सोमवारी पाणी खारट. मी हे आधी का धरलं नाही? खालचं पाणी काय कुंपणं बघून थांबतं? पण तोवर सासरे आवारात सांगून आले होते: "सून म्हणाली म्हणून मोटरसुद्धा बंद ठेवली. तरी खारट. आता बोला."

त्यानंतर मी थांबले. माझ्याकडे शाळा होती, दोन मुलं होती, परीक्षा आल्या होत्या. नवरा म्हणाला, "तू लिहितेसच कशाला?" मी वही बंद केली नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात माणसं लिहिणं सोडलं.

ईस्टरनंतर काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. रविवारी लग्न, म्हणजे शनिवारी दुपारी पाणी. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणतात, आणि आमच्या घरची रीत अशी की ते घराण्याच्या विहिरीचं हवं, आणि पहिली घागर नवरीच्या बापाने आणि घरातल्या थोरल्याने मिळून ओढायची. सासऱ्यांच्या बहिणींचं, माझ्या नणंदांचं पाणी याच विहिरीचं. त्या मुलीला अक्षरं मी शिकवली होती. तिचं सासर वाघोलीचं. तिथले लोक त्या दिवशी येणार होते. घराण्याची विहीर कुलपात आणि थोरला भाऊ रुसलेला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असतं तर त्या मुलीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

काकी आठ दिवस आधी माझ्याकडे आली. "पाणी मिळेल ना गं?"

"मिळेल."

"वहीत बघून सांगतेस का?" तिने विचारलं. टोमणा होता. मी त्याच्या लायक होते.

आठ दिवस मी सासऱ्यांना सांगून बघितलं. फादरही येऊन बोलून गेले. सासऱ्यांचं एकच: "पोरगी माझी आहे. पाणी न्या, हवं तेवढं न्या. पण तो बांधाच्या आत येणार नाही. त्याचा हात दोराला लागणार नाही." आणि बापाच्या हाताशिवाय काका मुलीला पाणी घेऊ देणार नव्हते. दोघे सख्खे भाऊ होते, हे अशा वेळी दिसून यायचं.

शनिवारी चार वाजता बँडवाले रस्त्यावर उभे राहिले. बायका लुगडी नेसून, डोक्यावर फुलं बांधलेल्या घागरी घेऊन आल्या. वाघोलीचे पाहुणे मांडवात सरबत पीत होते. काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आमच्या बांधाबाहेर उन्हात उभे. सासरे विहिरीपुढे खुर्ची टाकून बसले होते, किल्ली मुठीत. बँडने एक गाणं संपवलं, दुसरं संपवलं. पाहुण्यांपैकी एक जण उठून इकडे बघायला लागला.

मी सासऱ्यांजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. मी काय बोलणार हे मी ठरवलं नव्हतं.

"बाबा, वही पुन्हा तपासली. काकांना काही माहीत नव्हतं."

त्यांनी मान वर केली.

"तो सफारीवाला त्यांच्याकडे चहाला बसायचा. ते बोलण्यात गुंतले की त्याची माणसं मागच्या बाजूने यायची. काकांचा नुसता वापर केला त्याने."

"वहीत आहे?"

"आहे."

सासऱ्यांचा चेहरा असा सैल झाला की मला तो बघवेना. तीन महिने त्यांनी काय धरून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "भोळा आहे तो. लहानपणापासून भोळा." उठले, कुलूप काढलं, जाळी सरकवली आणि रस्त्याकडे ओरडले, "ये रे! उन्हात काय उभा राहिलास नवऱ्यामुलासारखा?"

काका म्हणाले, "कुलूप तू लावलंस. मग बसू कुठे?"

"ओढ आता. जोर लाव. कचेरीत हात मऊ झालेत तुझे."

"तू सोड दोर, मी एकटा ओढतो."

कोणी सोडला नाही. घागर वर आली. दोघांचे डोळे भरले होते आणि दोघे पाण्याकडे बघत होते. बँड सुरू झाला.

न्हाणीत नवरीला साबणाचा फेस येईना. काकी मला म्हणाली, "पाणी खारटच आहे गं." मी म्हटलं, "घासा जोराने."

मी सांगितलेली गोष्ट आठवड्यात गावभर झाली. मास्तरीणबाईंनी वहीतून शोधून काढलं. सफारीवाल्याला गावात कोणी उभं करेना. तो दुसरीकडे गेला. फार सज्जन होता असं मी म्हणणार नाही. पण मीठ त्याने टाकलं नव्हतं, आणि टाकलं असं मी म्हटलं होतं. आणखी चार-पाच विहिरींना जाळ्या आणि कुलपं लागली. मोटर मात्र कोणी बंद केली नाही. चोर सापडल्यावर कोण कशाला करेल? पुढच्या चार वर्षांत आमच्या वाडीतली पानवेल संपली. शेवटचे पांगारे सासऱ्यांनी स्वतः तोडले. ते तोडताना त्या सफारीवाल्याला शिव्या देत होते आणि काका फांद्या उचलत होते. एकदा मी म्हणून पाहिलं की तसं नव्हतं. दोघांनीही माझ्याकडे एकाच नजरेने बघितलं, आणि काका म्हणाले, "सोड आता ते. तूच तर शोधून काढलंस."

वही अजून माझ्याकडे आहे. लग्नानंतरच्या सोमवारचं पान मी कधी कधी उघडते. लग्नाची मोठी भांडी धुवायची होती, तीन दिवस वाडीला पाणी नव्हतं. सकाळी नऊला सासऱ्यांनी मोटर लावली आणि काका पलीकडून येऊन विहिरीच्या कठड्यावर त्यांच्याशेजारी बसले. तीन महिन्यांचं बोलणं साचलं होतं. नवरी कशी दिसली, कोण आलं नाही, पाहुणे किती जेवले. मोटर चालूच होती. दीड वाजता ती हवा ओढायला लागली तेव्हा कुठे थांबवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होते. बंद करा, म्हणायला मी गेले नाही.

त्या दिवसासमोर लिहिलंय: खारट. मोटर नऊ ते दीड. दोघे भाऊ विहिरीवर.